दीड सेकंद थांबणारी मोटार

आमच्या सरांना फोन केला की पहिल्यांदा वाटायचं, लागलाच न्हाय. सात रिंगा जाणार. आठव्या रिंगला उचलणार, आणि मग काहीच न्हाय. हॅलो न्हाय, बोला न्हाय. नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज. निम्मी गिऱ्हाईकं "आवाज येत न्हाय" म्हणून ठेवून द्यायची. उरलेल्यांचं काम सर करायचे.

मी एकदा म्हटलं, "सर, निदान हॅलो तरी म्हणा की."

"फोन त्यानं केलाय," सर म्हणाले. "काय पाहिजे ते त्यालाच ठाऊक. मी आधी बोलून काय करू?"

हे सगळं मी एका दमात टाईप करतोय, कारण हळू लिहायला बसलो तर निम्मं विसरंन. सर असते तर म्हणाले असते, "विसरलं म्हणजे नको होतं." (आणि व्हय, मी मुलगी हाय. कोल्हापूरच्या पोरी गेलो-आलोच म्हणतात. सवय करून घ्या.)

उद्यमनगरात सरांचं वर्कशॉप होतं. पुढं एक खोली, मागं पत्र्याचं शेड, आणि दोन्हीच्या मधल्या बोळात सरांची काळी बावीस इंची सायकल. आम्ही मोटारी चालवायचे डबे बनवायचो. म्हणजे मोटार दुसऱ्याची, तिला कधी किती करंट द्यायचा हे ठरवणारा डबा आमचा. सर आधी पॉलिटेक्निकला शिकवायचे, तिथनं स्वतःहून बाहेर पडले. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तिथं तासाची घंटा लई लवकर व्हायची."

राहायला कळंब्याला, तलावाच्या बाजूला. कळंब्याला जेल हाय, त्यामुळं कोल्हापुरात कुणाला "कळंब्याला असतो" म्हटलं की समोरचा दोन पावलं मागं सरतो. सरांना हे लई आवडायचं. कुणी उशीर का झाला विचारलं की शांतपणे सांगायचे, "कळंब्यासनं आलोय. सुटायला वेळ लागला."

माझा इंटरव्ह्यू दहा मिनिटांत संपला, त्यातली सात मिनिटं सर चहा निवायची वाट बघत होते. मग समोर एक मोटार ठेवली. "डोळं मिट. दांडी बोटानं फिरव. आतल्या चुंबकाचं तोंड कुठं हाय, सांग."

मी डोळे मिटले, दांडी गर्रकन फिरवली आणि म्हटलं, "डावीकडं!"

"कशावरनं?"

"अंदाज."

"चूक," सर म्हणाले. "पण लवकर चूक. उद्यापासनं ये."

माझं टायपिंग लई फास्ट. दिवसाला चारशे ओळी प्रोग्रॅम सहज पाडायचो. सर मला मशीनगन म्हणायचे. ते स्वतः एका बोटानं टाईप करायचे, आणि तेबी जास्त करून खोडायचं बटण. एकदा माझ्या चारशे ओळी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी सहा ओळी उरल्या. मी जवळजवळ रडायला आलतो. डबा चालू केला, तर मोटार आधीपेक्षा गुळगुळीत फिरली. सर म्हणाले, "बाकीचं तू स्वतःला सांगत होतीस. मोटारीला न्हाय."

मिसळ खायला नेलं तरी तेच. आमची मिसळ संपून, दुसऱ्यांदा कट घेऊन, हात धुऊन आम्ही परत आलो तरी सरांच्या पावाचा पहिला तुकडा अजून रस्त्यात. वेटर येऊन बघून जायचा, माणूस बरा हाय न्हवं म्हणून.

अजून एक खोड. वर्कशॉपमधनं चालताना वाटेत जी मोटार दिसंल तिची दांडी सर हातानं जराशी फिरवून जायचे. चालू कामाची असो, गिऱ्हाईकाची असो, भंगारातली असो. देवळात जाताना लोक घंटेला हात लावतात तसं. मी तासभर मोजमाप लावून बसलेला असायचो आणि हे येऊन दांडी फिरवून जायचे. सगळं मोजमाप हुकलं! "सर, हात नका ना लावू!" मी ओरडायचो. सर हात मागं घ्यायचे, दोन पावलं जायचे आणि पुढच्या मोटारीची दांडी फिरवायचे.

आता सायकल. सायकलीला पितळेची घंटी होती, रोज पुसून चकचकीत केलेली, पण सर ती वाजवायचे न्हाईत. महाद्वार रोडला बाजाराच्या गर्दीत शिरले तरी तोंडानं ओरडणार, "ओ पावणं! जरा सरका की!" मी विचारलं, घंटी कशाला बसवलीय मग? तर म्हणाले, "ती जिंकल्यावर वाजवायची."

काय जिंकल्यावर, ते मला नेसरीत कळलं. नेसरी सरांचं गाव, गडहिंग्लजच्या पुढं. तिथं शाळेच्या मैदानावर वर्षातनं एकदा हळू सायकलची शर्यत असती. शंभर पावलांचं अंतर, पाय टेकायचा न्हाय, आणि जो सगळ्यात शेवटी पोचंल तो पहिला. मी मुद्दाम बघायला गेलतो. सरांबरोबर सहा-सात जण होते, निम्मे त्यांच्या नातवाच्या वयाचे. शिट्टी झाली. पोरं डुगडुगत निघाली, कुणी पडलं, कुणी पाय टेकला, कुणी कंटाळून पुढं निघून गेलं. सर जवळजवळ जागच्या जागी. फक्त हँडल जरा डावीकडं, जरा उजवीकडं, सारखं थरथरत. गावातली माणसं ओरडायला लागली, "सर, आम्हाला जेवायला घरी सोडा की आता!" सरांच्या तोंडावर काही न्हाय. सगळे पोचून पाणी पिऊन बसले तेव्हा सर रेषेवर आले आणि बोटानं घंटी दाबली. एकदाच. ट्रिंग.

परत येताना सायकल एसटीच्या टपावर टाकली, आणि आत बसल्यावर मी विचारलं, "सर, हँडल कशाला हलवत होता?"

"हलवत न्हवतो. इचारत होतो."

"कुणाला?"

"सायकलीला. जरा डावीकडं, जरा उजवीकडं. ती सांगती कुठल्या अंगाला पडणार हाय ते. जोरात असतीस तवा इचारावं लागत न्हाय, सायकल आपणहून बोलत असती. हळू झाली की गप्प होती. आणि थांबली की मुकीच. तवा तिला इचारायला लागतंय."

आणि मी एसटीत उभा राहून ओरडलो, "सर, ही तर आपली मोटार!" कंडक्टरनं वळून बघितलं.

कारण आम्ही तेव्हा त्याच्यातच अडकलो होतो. सांगतो, सोपं हाय. या मोटारीच्या आत चुंबक असतं. त्याचं तोंड कुठं हाय हे डब्याला कळलं तरच तो बरोबर जागी ढकलणार. त्यासाठी मोटारीला सेन्सर लावतात. पण जिथं धूळ, तेल, कापसाचं बारीक तूस, हादरे असतात तिथं सेन्सर टिकत न्हाय. मग बिनसेन्सरची चालवायची. मोटार जोरात फिरत असली की तिच्यातनंच वीज उमटती, त्यावरनं चुंबक कुठं हाय ते समजतं. पण हळू झाली की ती वीज इतकी बारीक होती की न्हाईच म्हणा. थांबली की शून्य. मोटार मुकी! मग तिच्यात एकदम बारीक, भराभर थरथरणारा करंट सोडायचा. मोटार शिट्टीसारखी गुणगुणती, आणि त्या थरथरीला ती कसं उत्तर देती त्यावरनं चुंबक कुठल्या रेषेत हाय ते कळतं. सरांचं हँडल!

पण अर्धंच कळतं. रेष कळती, तोंड न्हाय. लांबनं एसटी उभी दिसावी आणि ती कोल्हापूरकडं तोंड करून हाय का गडहिंग्लजकडं हे कळू नये, तसं. त्यासाठी जवळ जाऊन पाटी वाचावी लागती. म्हणजे एकदा या बाजूनं जोराचा धक्का, एकदा त्या बाजूनं, दोन्हीतला फरक बघायचा, खात्रीसाठी परत एकदा. या सगळ्याला दीड सेकंद लागायचा. बटण दाबलं की दीड सेकंद मोटार नुसती गुणगुणत उभी. मला तो दीड सेकंद बघवायचा न्हाय. दाताखाली खडा आल्यासारखा.

आणि हे सगळं चाललं होतं ते इचलकरंजीच्या भाभींसाठी.

भाभींचे चार यंत्रमाग. त्यांचे मिस्टर ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी, त्यामुळं माग भाभीच चालवायच्या. एकदा जळालेली मोटार घेऊन वर्कशॉपला आल्या, तेव्हा डाव्या हातानं उचलताना सरांनी बघितलं. "उजव्याला काय झालंय?"

"खांदा गेलाय सर. चाक ओढून ओढून."

मागावर आडवा धागा तुटला की माग थांबवायचा, बाजूचं जड चाक हातानं जरा मागं-पुढं ओढायचं, तुटलेली जागा उघडी करायची आणि धागा घालून परत सुरू करायचं. दिवसातनं किती वेळा ते मोजूच नका. डॉक्टरनं भाभींना सांगितलं होतं, आता चाक ओढायचं न्हाय. दीर म्हणत होते, "भाभी, भंगारवाल्याला सांगू या. किती दिवस रेटणार?" आणि भाभी म्हणाल्या होत्या, "मागावर हे बीम हाय तेवढं संपू दे. मग बघू." बीम म्हणजे उभ्या धाग्यांचं मोठं रीळ. कापड विणत जाईल तसं ते बारीक होत जातं. म्हणजे भाभींचं घड्याळच ते.

सरांनी आठव्या रिंगला फोन उचलतात तेवढा वेळ घेतला. मग म्हणाले, "बटण दाबलं आणि माग बोटभर सरकून थांबला, तर?"

भाभी हसल्या. "तर मी शंभर वर्षं चालवीन!"

तर असं. बोटभर सरकायचं, म्हणजे एकदम हळू. आणि मागाच्या शेडमध्ये तूस इतकं की सेन्सर आठवडाभरात आंधळा. बिनसेन्सरचं, हळू, आणि भरल्या ओझ्यावर. सगळ्यात अवघड तेच आमच्या वाट्याला.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सर भुईमूग काढायला नेसरीला गेले. आणि मला सुचलं! लई भारी सुचलं. मोटार बंद होताना तोंड कुठं होतं ते डब्यात लिहून ठेवायचं, चालू करताना तेच वाचायचं. पाटी बघायला जवळ जायची गरजच काय? एसटी आपणच लावलीय की! दीड सेकंद गायब. बटण दाबलं की मोटार निघाली. टेबलावर मी दिवसभर चालू-बंद केलं, एकदाबी चुकली न्हाय. सरांची खोड इतर कुणी लावून घेऊ नये म्हणून दांडीवर मोकळा भडंगाचा डबा पालथा घातला होता.

सर आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी इचलकरंजी. एसटीत त्यांनी विचारलं, "तोंडाची तपासणी ठेवलीस न्हवं?"

मी म्हटलं, "सर, एकदम फास्ट झालंय. बघा तर तुम्ही!"

हे उत्तर न्हवतं हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांनाबी कळलं असावं. पण ते खिडकीबाहेर ऊस बघत बसले.

शेडमध्ये बाकीचे तीन माग थांबवले. भाभी, त्यांचे दीर, सर, मी. डबा बसवला. मी वायर घट्ट करत होतो, मेन स्विच बंद होता, आणि भाभींनी इतक्या वर्षांच्या सवयीनं डाव्या हातानं चाक ओढून माग जरा पुढं घेतला. मी बघितलं. बघितलं आणि काहीच वाटलं न्हाय, इतका मी खूश होतो. स्विच चालू केला. "दाबा भाभी!"

मोटार लगेच निघाली. उलटी.

धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी ती टोकदार लाकडी होडी, उभ्या धाग्यांच्या मधीच होता. आडवा धागा ठोकून बसवणारी फणी येऊन त्याच्यावर आदळली. फाड्‌दिशी आवाज. मी स्विच बंद करेपर्यंत उभ्या धाग्यांचा वीतभर पट्टा तुटून लोंबत होता. शेकड्यानं धागे. डब्यात लिहिलं होतं तोंड कोल्हापूरकडं, आणि भाभींनी एसटी वळवून ठेवली होती.

दीर म्हणाले, "झालं. बीम संपायची वाट बघायला नको आता."

भाभी नुसत्या तुटलेल्या धाग्यांवरनं हात फिरवत होत्या, मांजराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं.

सरांनी चष्मा पुसला. "भाभी, चूक आमच्याकडनं झालीय. एक स्टूल हाय का?" आणि बसले. एकेक धागा शोधायचा, टोकाला नवा तुकडा बांधायचा, फणीतनं ओवायचा, पुढं बांधायचा. भाभींनी गाठ कशी मारायची ते दाखवलं. मी पहिल्या तासाभरात वीस गाठी मारल्या आणि पंधरा सुटल्या.

"पोरी," भाभी म्हणाल्या, "तुझ्या पाठीमागं कुणी लागलंय काय?"

सरांची एकबी सुटली न्हाय. सकाळी बसलो ते दिवस मावळेपर्यंत. मधी भाभींनी खिमा-पाव आणला, माझ्यासाठी अंडाबुर्जी. दीर आधी दारात उभे राहून बघत होते. मग तेबी येऊन बसले. शेवटचा धागा सरांनी ओढला आणि भाभी पहिल्यांदा हसल्या. "सर, नोकरी पाहिजे काय मागावर?"

"पाहिजे की," सर म्हणाले. "पण मी हळू हाय."

"बीम अजून पंधरा दिवस पुरंल," भाभी मला म्हणाल्या. "तेवढ्यात आण."

परतीच्या एसटीत निम्मी वाट सर ऊस बघत बसले. मग एकदम म्हणाले, "टेबलावर तपासताना दांडीवर काय झाकलंतं?"

"...भडंगाचा डबा."

सर हसायला लागले. इतके हसले की डोळ्यातनं पाणी आलं, पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. "अगं, मी काय देवाला नमस्कार करत फिरत होतो व्हय? गिऱ्हाईक हात लावणार, वारा हात लावणार, वीज जाणार, येणार. मोटार हाय तिथंच असंल असं कुणी सांगितलं?"

मी रडायचं ठरवलं होतं, पण त्यांचं बघून मलाबी हसू आलं. रडत रडत हसलो. लई बेकार दिसत असंन.

दुसऱ्या दिवशी मी दांडीवरचा भडंगाचा डबा उचलला आणि तपासणी परत घातली. एकेक ओळ. सर येता-जाता दांडी फिरवायचे आणि मीच म्हणायचो, "सर, अजून एकदा." एका दिवसात पाच-पन्नास वेळा फिरवली त्यांनी, कधी हलकी, कधी गर्रकन, कधी मी चहाला गेलो असताना लपून. मोटार प्रत्येक वेळी दीड सेकंद गुणगुणली आणि सरळ निघाली.

पंधरवड्याच्या आत परत इचलकरंजी. निघायच्या दिवशी सर म्हणाले, "तू जा."

"तुम्ही?"

"मी आलो तर तू माझ्याकडं बघशील. मोटारीकडं बघ."

शेडमध्ये गेलो तर बाकीचे माग थांबवलेले, आणि बीमवर फार तर बोटभर धाग्यांचा थर उरलेला. दीर हाताची घडी घालून उभे. मी डबा बसवला, आणि मेन स्विच बंद ठेवून म्हटलं, "भाभी, आता चाक फिरवा. कुठंबी. मला सांगू नका."

"खरंच?"

"फिरवा की!"

भाभींनी मजा घेत डाव्या हातानं चाक ओढलं. पुढं, मागं, परत पुढं. मी पाठ करून उभा. मग स्विच चालू केला. "दाबा."

भाभींनी बटण दाबलं.

काही न्हाय. नुसती बारीक शिट्टी.

"झोपली काय?" दीर म्हणाले.

माझे हात स्विचकडं निघालते. ओढून घेतले. "थांबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला न्हाय, इतका हळू.

"गप की रे," भाभी दिराला म्हणाल्या, "मोटार बिस्मिल्ला म्हणतीय."

आणि माग सरकला. सरळ. बोटभर. थांबला. भाभींनी परत दाबलं. परत गुणगुण, परत बोटभर. त्यांनी मुद्दाम एक आडवा धागा तोडला, बटणानं माग हळूहळू मागं आणला, जागा उघडली, धागा घातला. उजवा हात पूर्ण वेळ पदरात. चाकाला कुणी हातच लावला न्हाय.

"भाभी," दीर म्हणाले, "नवं बीम कधी चढवायचं?"

मी सरांना फोन लावला. एक, दोन, तीन... सात. आठव्याला उचलला. तिकडनं पंख्याचा आवाज. मी एरवी आत्तापर्यंत चार वाक्यं बोललो असतो. त्या दिवशी काहीच बोललो न्हाय. फोन स्पीकरवर टाकून मोटारीजवळ धरला आणि भाभींना खूण केली.

बटण. शिट्टी. दीड सेकंद. खटक्.

"कुठल्या अंगाला?" फोनमधनं सर म्हणाले.

"सरळ."

"पहिल्यांदा?"

"पहिल्यांदाच. चाक भाभींनी फिरवून ठेवलंतं. मला न सांगता."

मग तिकडनं खुर्ची सरकल्याचा आवाज. चपला. बोळाकडचं दार. सर फोन हातात धरून कुठंतरी चालत होते, त्यांच्या चालीनं, आणि मी वाट बघत उभा होतो.

ट्रिंग.

एकदाच.

"कोण गं सायकलवाला?" भाभींनी विचारलं. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं.

मला बोलायला दीड सेकंद लागला.